लोहाची गोळी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम सुधाक्का बघतात. दर वर्षी श्रावण लागला की त्यांचा फोन येतो. "डॉक्टरअण्णा, लेख." एवढंच बोलतात. आणि दर वर्षी मी त्यांना काहीतरी देऊन मोकळा होतो. मधुमेह आणि फराळ यावर दोनदा लिहिलं. रक्तदानाच्या गैरसमजांवर लिहिलं. एका वर्षी अंगातलं रक्त वाढवायला नाचणी कशी चांगली, हे लिहून शेवटी मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, करायची कृतीही दिली होती. यंदा सुधाक्का म्हणाल्या, "अण्णा, नाचणी पुरे झाली. चाळीस वर्षं इस्पितळात काढलीत. एखादा पेशंट लिहा की. तुम्हाला आठवत असेल तो."

आठवणारे पुष्कळ आहेत. विसरता न येणारी एकच आहे. तिच्याबद्दल लिहायचं मी सोळा वर्षं टाळत आलो. बायकोला अर्धंमुर्धं सांगितलं, मुलाला काहीच नाही. आता वय झालं. हात थरथरतो, पण अक्षर अजून लागतं. तेव्हा यंदा लिहितो.

मी रक्ताच्या आजारांचा डॉक्टर होतो. बेंगळुरूच्या एका मोठ्या इस्पितळात माझी ओपीडी होती. माझ्याकडे कोण यायचं हे बाहेरच्यांना पटकन समजत नाही. एकदा एक गॅरेजवाले गृहस्थ भावाला घेऊन आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, थोडं थोडं कशाला? सगळं रक्त काढून टाका आणि नवीन भरा. खर्चाचं बघतो मी." मी म्हटलं, "अहो, हे इंजिन ऑइल नाही. नवीन भरलं तरी आतला कारखाना पुन्हा तेच करणार."

तो कारखाना म्हणजे हाडांमधला मगज. मी पेशंटना लग्नाच्या छत्रातल्या, म्हणजे कार्यालयातल्या, स्वयंपाकघराचं उदाहरण द्यायचो. एक आचारी भात करतो, एक सार, एक गोड. सगळं मापात चाललेलं असतं. मग एका आचाऱ्याच्या डोक्यात काहीतरी बिघडतं. तो एकच पदार्थ करत सुटतो, कच्चा, कुणाला नको असलेला. सगळ्या शेगड्या तोच अडवतो. बाकीच्यांना चूल मिळत नाही. रक्ताचा कॅन्सर म्हणजे साधारण हेच. पांढऱ्या पेशी नको तितक्या होतात, आणि लाल पेशींना आणि रक्त थांबवणाऱ्या पेशींना जागा उरत नाही. काही प्रकारांत हे आठवड्याभरात जीवावर येतं. काही प्रकार वर्षानुवर्षं दबा धरून बसतात.

आता अशी पेशंट गरोदर असेल तर? डॉक्टरपुढे दोन जीव, आणि एकाचं औषध दुसऱ्याचं विष. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात, तेव्हा यातली बहुतेक औषधं देता येत नाहीत. त्यानंतर काही देता येतात. आईचं रक्त बाळाला पोचवणारी वार काही औषधं अडवते, काही सोडते. शिवाय बाळंतपण अशा दिवशी यावं लागतं की त्या वेळी आईच्या पेशी तळाला गेलेल्या नसतील, नाहीतर रक्त थांबत नाही आणि जंतू आवरत नाहीत. दर आठवड्याला मी आणि आमच्या प्रसूतीच्या मॅडम समोरासमोर बसून भांडायचो. त्या म्हणायच्या, अजून दोन आठवडे पोटात राहू दे. मी म्हणायचो, दोन आठवडे माझ्याकडे नाहीत. अशा भांडणांतून काही बाळं जगात आली, याचा मला अभिमान आहे. तो लपवत नाही.

त्यातली एक नसीमची. नवरा रिक्षा चालवायचा. सहाव्या महिन्यात हिरड्यांतून रक्त येतं म्हणून आली, आणि निघाला तो झटपट पसरणारा प्रकार. मी नवऱ्याला बाहेर बोलवायला लागलो तर तिनं माझ्या कोटाची बाही धरली.

"उनकू कायकू बुलाते? मेरे कू सीदा बोलो, डाक्टर साब. मरती क्या मैं?"

मी सरळ सांगितलं. औषध दिलं नाही तर मरशील, लवकर. दिलं तर दोघं वाचण्याची आशा आहे, खात्री नाही. तिनं विचार केला आणि विचारलं, "केस जाते क्या?" जातात म्हटलं. "जान दो." तिनं स्टीलचा एक पेला मागवला आणि तुटलेल्या माळेचे मणी. बाळानं एक लाथ मारली की एक मणी पेल्यात. सकाळी राउंडला गेलो की पेला हलवून दाखवायची. मधे ताप आला, चार दिवस तिची आशा नव्हती. तरी शुद्धीत आली की मणी टाकायची. एके दिवशी मणी कमी भरले आणि ते आम्हाला तिनंच सांगितलं, मॅडमनी लगेच तपासणी केली. आठव्या महिन्यात मुलगी झाली, अंगानं लहान पण ठणठणीत. दर ईदला अजून शिरखुर्मा येतो.

नसीम वाचली त्यात औषधाचा वाटा मोठा होता. पण तिला सगळं माहीत होतं, म्हणून ती आमच्या बरोबरीनं पहारा देत होती. हे मी पुढे कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं. आणि शिकवताना दर वेळी मला दुसरीच मुलगी दिसायची, जिला मी काही सांगितलं नव्हतं.

तिचं नाव इथे वनजा ठेवतो.

बसवनगुडीत आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या. घरात मराठी बोलतो, पण त्यात निम्मं कन्नड. पुण्याहून पाहुणे आले की आमची मराठी ऐकून गालात हसतात. बाहेर कन्नड, कामावर इंग्रजी, रिक्षात जे चालेल ते. त्यामुळे ओपीडीत कुणी मराठी बोललं की माझं काहीतरी व्हायचं. टेबलापलीकडचा माणूस पेशंट राहायचा नाही, घरचा व्हायचा. कन्नड, तमिळ, उर्दू बोलणाऱ्यांशी मी डॉक्टरसारखा बोलायचो. मराठी बोलणाऱ्यांशी मी चुलत्यासारखा बोलायचो. मला ते चांगुलपण वाटायचं.

राजाजीनगरचे शामराव पोस्टात होते. मंडळाच्या गणपतीत आरतीला पेटी वाजवायचे. बायको लवकर गेलेली, एकच मुलगी. बावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, साड्यांच्या एका दुकानात हिशेब लिहायची. तिला घेऊन ते माझ्याकडे आले, कारण ती म्हणायची, "अर्धा डोसा खाल्ला की पोट भरतं, अप्पा." त्यांना वाटलं पित्त. मी पोटाला हात लावला तर डाव्या बाजूला पाणथरी, म्हणजे प्लीहा, बेंबीपर्यंत आलेली. तपासण्या झाल्या. रक्ताचा कॅन्सरच, पण हळू चालणारा प्रकार होता. आणि त्यासाठी तेव्हा एक नवी गोळी आलेली होती. रोज एक, आयुष्यभर. पूर्वी ज्या आजारात माणसं चार-पाच वर्षांत जायची, त्यात आता म्हातारी व्हायला लागली होती. ही बातमी खरं तर चांगलीच होती.

रिपोर्ट घ्यायला दोघं आले. शामरावांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मुलीला म्हणाले, "वनजा, खालून कॉफी आण बघू. बाय-टू सांग आपल्या दोघांत, एक अण्णांना वेगळी." ती गेली. मी सांगितलं.

"अण्णा, गोळी घेतली की बरी राहील ना ती?"

"राहील. रोज घेतली तर."

"मग तिला सांगू नका."

"शामराव, तिचं दुखणं आहे ते."

"तिचं लग्न ठरत आलंय. देवनहळ्ळीची माणसं आहेत, आपल्यातलीच. चांगली आहेत. हिला कळलं तर ही जाऊन सांगून येईल त्यांना. तिला खोटं बोलता येत नाही, अण्णा. लहानपणापासून नाही. तुम्ही आम्ही काय, बोलू खोटं." आणि त्यांनी माझा हात धरला. "आई नाही हो तिला."

जिन्यावर तिच्या चपला वाजल्या. ती ट्रे घेऊन आत आली. माझा पेला माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "डॉक्टरअण्णा, तुमच्यात साखर स्वल्पच घालायला सांगितली. टेबलावर तुमच्या शुगरच्या गोळ्या दिसल्या मघाशी."

मला आजही वाटतं, त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "रक्ताचा थोडा विकार आहे बाळ. लोहाची असते तशी एक गोळी आहे. जेवणानंतर रोज घ्यायची."

"किती दिवस?"

"घेत राहायची."

"सरी, घेते," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला शामरावांनी मला एक बाटली दाखवली. लोहाच्या गोळ्यांची रिकामी बाटली. घरी ते पाकिटातून गोळ्या सोडवून तिच्यात भरायचे, म्हणजे पाकिटावरचं नाव तिच्या नजरेला पडायला नको. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर बापाची हुशारी होती. मी हसलो.

एक सांगितलं होतं मी, त्याचा आधार मी नंतर बरीच वर्षं घेत राहिलो. शामरावांना म्हटलं होतं, "लग्न झालं तरी मूल इतक्यात नको. ही गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत. ठरवायचं असेल तेव्हा आधी मला भेटा." ते "सरी अण्णा" म्हणाले. आता सांगा, आई नसलेल्या मुलीला पोस्टातला बाप हे कुठल्या तोंडानं सांगणार? आमच्या घरांत बाप-लेकीत असलं बोलणं होत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच घरांतला. तरी सांगून झालं म्हणून मी मोकळा झालो.

लग्नाला गेलो. अक्षता टाकल्या. ओबट्टू, म्हणजे आपली पुरणपोळी, खाल्ला.

लग्नानंतर सुरुवातीला शामराव तिच्या रक्ताचे रिपोर्ट घेऊन यायचे. सगळं छान होतं. मग रिपोर्ट बंद झाले. एक दिवस ते आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "वनजाला चौथा महिना लागलाय. सासूबाईंनी म्हणे सगळ्या गोळ्या बंद करायला लावल्या. पोटुशीनं कसली औषधं घ्यायची नाहीत म्हणतात."

"कधीपासून बंद आहे?"

"कळल्यापासून. दोन महिने झाले असतील."

मी खुर्चीतून उठलो. "उद्याच्या उद्या आणा तिला."

"आणतो. पण अण्णा, त्यांना काय सांगू? पाचव्यात डोहाळजेवण, सीमंत ठेवलंय. ते एकदा झालं की माहेरपणाला म्हणून आणतो. कुणाला शंका यायला नको."

मी रागावलो. लवकर आणा म्हटलं, पुन्हा म्हटलं. ते गेले. लग्नपत्रिका माझ्या खणात होती. तिच्यावर जावयाच्या घरचा फोन नंबर होता. मी फोन उचलून "मी वनजाचा डॉक्टर बोलतोय" एवढं म्हटलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर असती. पण मग शामरावांना काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न मला मोठा वाटला. माझी पेशंट कोण, शामराव की वनजा, हे मी विसरलो होतो.

सीमंत झालं. हिरव्या बांगड्या भरल्या. त्यानंतर एके सकाळी ओपीडी सुरू होताहोता तिचा नवरा मोहन तिला दोन्ही हातांवर घेऊन आत आला. तो विमानतळाची टॅक्सी चालवायचा, अंगात कंपनीचा पांढरा शर्ट होता. तिला श्वास पुरत नव्हता, एका डोळ्यानं धूसर दिसत होतं. पोटात एका बाजूला बाळ आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच मोठी पाणथरी. पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या आसपास असाव्यात, त्या तीन लाखांवर गेलेल्या. रक्त दाट होऊन बारीक वाहिन्यांत तुंबायला लागलं होतं. डोळ्यात, फुप्फुसात, आणि वारेतही.

देवनहळ्ळीच्या नर्सिंग होमचे कागद मी बघितले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्या पेशी थोड्या वाढल्याचं टिपलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं की गरोदरपणात वाढतात. ते खरंच आहे, थोड्या वाढतातच. आधीची औषधं या रकान्यात लिहिलं होतं: लोहाची गोळी, सध्या बंद. बाईंनी विचारलं आणि वनजानं खरं ते सांगितलं होतं. तिला खोटं बोलता येत नव्हतं. माझंच खोटं तिनं प्रामाणिकपणे पुढे पोचवलं होतं.

ती जुनी गोळी त्या अवस्थेत देता येत नव्हती. एक इंजेक्शन होतं, जे बाळापर्यंत फारसं पोचत नाही, ते सुरू केलं. पण त्याला दिवस लागतात. तोवर एकच उपाय: यंत्र. एका हातातून रक्त बाहेर घ्यायचं, यंत्रात फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, बाकीचं दुसऱ्या हातातून परत द्यायचं. एका खेपेला तीन-चार तास. त्याआधी पेशंटची सही लागते.

आमचे फॉर्म कन्नडमध्ये छापलेले होते. वनजा दहावीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली. सिस्टरनं फॉर्म पुढे केला तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी होतो. वाचताना तिचे ओठ हलत होते. मग ते थांबले. ती ओळ तिनं बोटानं पुन्हा वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टरअण्णा, हा कागद दुसऱ्या कुणाचा आहे का? ह्याच्यावर रक्ताचा कॅन्सर लिहिलंय."

मोहननं झटकन वळून बघितलं. शामराव दारात होते, ते तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

मी म्हणालो, "तुझाच आहे."

विचारायला तिला श्वासच पुरत नव्हता. सही केली. इतकी नीट, की मला ती अजून दिसते.

पुढचे आठ दिवस ती दिवसाआड यंत्राला लागलेली असायची, डाव्या कुशीवर, कारण उताणं झोपलं की गर्भाचं ओझं मोठ्या शिरेवर येतं. पेशी लाखाच्या खाली आल्या. श्वास मोकळा झाला. डोळा निवळला. मोहन रोज तिचे केस विंचरायचा, वेणी घालता येत नव्हती तर रबर लावायचा. एकदा म्हणाला, "सर, मला आधी सांगितलं असतं तरी मी लग्न केलं असतं." त्याची आई शेजारीच होती. ती म्हणाली, "तू केलं असतंस. पण आम्हाला फसवलं ते फसवलंच ना रे?" दोघांचंही खरं होतं.

नवव्या दिवशी वनजा सिस्टरला म्हणाली, कालपासून हलत नाही. मॅडम आल्या. सोनोग्राफीच्या यंत्राचा पडदा त्यांनी हळूच स्वतःकडे वळवून घेतला, आणि मला कळलं. वारेतल्या बारीक वाहिन्या आधीच फार तुंबल्या होत्या. बाळाची वाढ महिनाभर मागे होती. मुलगा होता.

वनजा वाचली. रक्त फार गेलं, दोन दिवस कठीण गेले, पण वाचली. गोळी पुन्हा सुरू केली, या वेळी पाकिटासकट. घरी जायच्या आदल्या दिवशी मी राउंडला गेलो. सासू, शामराव, मोहन, सगळे होते. तिनं सगळ्यांच्या देखत विचारलं, "अण्णा, मी गोळी बंद केली म्हणून बाळ गेलं ना?"

इथे मला थांबावंसं वाटतंय. पण त्यासाठी लिहायला बसलेलो नाही.

बरोबर उत्तर असं होतं: दिवस राहिल्याचं कळल्यावर ती गोळी बंद करणं योग्यच होतं. माझ्याकडे आली असती तर पहिल्याच दिवशी मीही तीच बंद केली असती. पण मग मी दर पंधरा दिवसांनी रक्त तपासलं असतं, पेशी चढायला लागताच इंजेक्शन सुरू केलं असतं. बाळ नक्की वाचलं असतं असं कुणी सांगू शकत नाही. पण त्याला संधी मिळाली असती. ती संधी गोळी बंद करण्यानं गेली नाही, न सांगण्यानं गेली.

मी म्हणालो, "झालं ते झालं बाळ. आता गोळी सोडू नकोस."

तिनं मान हलवली. म्हणजे तिला उत्तर मिळालं होतं. चुकीचं.

आणि त्या संध्याकाळी तिच्या डिस्चार्जच्या कागदावर मी लिहिलं: रुग्णाने डॉक्टरांना न विचारता औषध थांबवले. शब्द न् शब्द खरा. इस्पितळात मृत्यूची चौकशी होते, तिथे हे वाक्य कामाला आलं. मला कुणी काही विचारलं नाही. तिनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला आणि पुढे दर तीन महिन्यांनी माझ्याकडे येताना आणला. अकरा वर्षं, मी निवृत्त होईपर्यंत. फाइल उघडली की पहिला तोच कागद. मी पान उलटायचो, पोटाला हात लावायचो, पाणथरी कुठेच नसायची. "छान," म्हणायचो. ती म्हणायची, "तुमची शुगर कशी आहे, अण्णा?"

सहा-सात वर्षांनी तिच्या रक्तात आजाराचा मागमूस सापडेना, आणि ते तसंच टिकलं. अशा बायकांना गोळी काही काळ थांबवून, नीट लक्ष ठेवून मूल होऊ देता येतं, हे तोवर आम्हाला कळलं होतं. मी दोघांना समोर बसवलं. या वेळी सगळं सांगितलं, चित्र काढून. मोहनचे डोळे चमकले. वनजा चित्राकडे बघत होती.

"गोळी बंद करावी लागेल?"

"हो. पण मी दर दोन आठवड्यांनी..."

"नको अण्णा. एकाला माझ्या हातानं घालवलं. परत नको."

मोहन तिला काहीतरी म्हणत होता. मी तेव्हा बोलायला हवं होतं. खोलीत आम्ही तिघंच होतो, शामराव वर्षापूर्वी वारले होते, आता कुणाचा मुलाहिजाही नव्हता. बाहेर नंबर लागलेले पेशंट खोकत होते. मी म्हणालो, "घाई नाही. विचार करा." ती चाळिशीकडे गेली. मग तो विषयच राहिला नाही.

नसीमचा शिरखुर्मा येतो तेव्हा मला हे सगळं आठवतं. तो मी खातो, पण मला तो पूर्वीसारखा गोड लागत नाही.

यंदा सुधाक्कांना होकार दिला आणि ठरवलं, तिला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. आणि विचारायला गेलो की जे सांगायचं तेही सांगून टाकायचं. टॅक्सी केली. हेब्बाळपासून मी मनात वाक्यं जुळवत होतो. देवनहळ्ळीच्या किल्ल्याच्या मागे पूर्वी द्राक्षांचे मळे होते तिथे आता आखलेले प्लॉट आणि विजेचे खांब आहेत. त्यातल्या एका गल्लीत तिचं घर. अंगणात चकोत्याचं, म्हणजे पपनसाचं झाड, फळांनी वाकलेलं. सासू आता अंथरुणाला खिळलेली आहे. वनजा तिला भरवत होती. मला बघून हात धुऊन आली, वाकून नमस्कार केला. केसांत पांढरे दिसले. मला बरं वाटलं, या आजारात केस पांढरे होणं ही केवढी कमाई.

तिनं चकोता सोलला. फोडी बशीत ठेवून म्हणाली, "तुम्हाला चालतो ना? फार गोड नसतो."

मी म्हणालो, "वनजा, मंडळाच्या अंकात तुझ्याबद्दल लिहू का? नाव बदलेन."

"लिहा की." ती हसली. "पण अण्णा, माझी चूकसुद्धा लिहा. मी तुम्हाला न विचारता गोळी बंद केली ते. म्हणजे दुसऱ्या मुली तसं करणार नाहीत."

माझ्या हातात फोड होती. वाक्यं सगळी तयार होती. आतून सासूनं "अक्का, पाणी" अशी हाक मारली. म्हातारी आता सुनेलाच अक्का म्हणते. वनजा उठून गेली. परत आली तेव्हा मी म्हणालो, "गोळी वेळेवर घेतेस ना?"

"घेते," ती म्हणाली, आणि जाताना दोन चकोते पिशवीत घालून दिले.

तिनं चूक लिहायला सांगितली आहे, म्हणून लिहितो.

वनजा, गोळी बंद केलीस ते तू बरोबर केलंस. मीही तेच सांगितलं असतं. कागदावरचं ते वाक्य मी स्वतःला वाचवायला लिहिलं होतं. तुझं दुखणं तुझ्यापासून लपवलं ते मी. फोन केला नाही तो मी. तू विचारलंस तेव्हा गप्प राहिलो तोही मीच, आणि त्या गप्प राहण्यानं तुला होऊ शकलं असतं ते दुसरं मूलही गेलं. तुझ्या हातून काही गेलेलं नाही, बाळ. माझं चुकलं.